हिट गाण्यांच्या ढिगाखाली

एखाद्या संगीतकाराची पुढची वाट बंद करायची असेल तर त्याच्यावर टीका करायची गरज नसते. त्याच्या जुन्या, लोकांच्या तोंडी बसलेल्या गाण्यांचं एक देखणं संकलन बाजारात आणावं. उरलेलं काम श्रोतेच करतात. हे कडवट वाटेल. पण अमेरिकेतल्या 'द बीच बॉइज' या गटाच्या बाबतीत हे दोनदा घडलं, आणि दोन्ही वेळा एकाच रेकॉर्ड कंपनीच्या हातून घडलं.

या गटाची ओळख आपल्याकडे समुद्र, मोटारी आणि मुली यांवरच्या गाण्यांपुरती आहे. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न गावचे विल्सन घराण्यातले तीन भाऊ – ब्रायन, डेनिस आणि कार्ल – त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि शाळेतला मित्र अल जार्डिन, असा हा पाच जणांचा कारभार. १९६१मध्ये सुरुवात झाली आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या प्रत्येक पोराच्या ओठांवर यांची गाणी आली. (लाटांवर स्वार होण्याची गाणी गाणाऱ्या या मंडळींत खरा लाटांवर जाणारा एकटा डेनिस होता, ही गंमत त्यांचे चाहते आवर्जून सांगतात.) चाली बांधायचा, आवाज एकमेकांत बसवायचा आणि स्टुडिओत सगळ्यांना नाचवायचा तो थोरला भाऊ, ब्रायन. डिसेंबर १९६४मध्ये विमानात त्याला मानसिक झटका आला, त्याने दौरे सोडले आणि घरी राहून फक्त संगीत करायचं ठरवलं. त्यातून मे १९६६मध्ये 'पेट साउंड्स' आला. आज 'सर्वकाळच्या थोर अल्बमां'च्या अनेक याद्यांत तो वरच्या पाचदहांत असतो.

त्या वेळी मात्र अमेरिकेत विक्रीच्या यादीत तो दहाव्या क्रमांकावर थांबला. ब्रिटनमध्ये दुसरा. अमेरिकेत त्याला पाय रोवायला वेळ लागणार, हे दिसत होतं. पण त्यांच्या कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीला तेवढा धीर नव्हता. दोन महिनेही झाले नाहीत तोच, जुलैमध्ये, तिने 'बेस्ट ऑफ द बीच बॉइज' बाजारात उतरवला. तीच मोटारींची आणि समुद्राची गाणी. तो झपाट्याने खपला. 'पेट साउंड्स'ला अमेरिकेत ठरावीक विक्रीबद्दल दिलं जाणारं 'गोल्ड'चं अधिकृत प्रमाणपत्र मिळायला २००० साल उजाडलं.

दुसऱ्यांदा घडलं ते अधिक मुळावर आलं. १९७०च्या आसपास गट कॅपिटॉल सोडून वॉर्नरच्या रिप्राइज लेबलकडे आला होता. नवीन कंपनीत त्यांनी काढलेला 'सनफ्लॉवर' अमेरिकेच्या यादीत १५१व्या क्रमांकावर अडखळला. तरी काम चालू होतं. भाऊ लिहू लागले होते, दक्षिण आफ्रिकेचे ब्लाँडी चॅप्लिन आणि रिकी फतार हे दोन तरुण गटात आले होते, आवाज बदलत होता, परिपक्व होत होता. आणि १९७४च्या उन्हाळ्यात कॅपिटॉलने आपल्या ताब्यातली जुनी गाणी दोन तबकड्यांत घालून 'एंडलेस समर' काढला. वीस गाणी, सगळी 'पेट साउंड्स'च्या आधीची. ऑक्टोबरमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि मग तीन वर्षांच्या आसपास यादीत ठाण मांडून बसला. नव्या पिढीला वाटलं, हा एक उन्हाळी गट आहे. मैफलींत फर्माईश त्याच गाण्यांची येऊ लागली. हॉल भरू लागले, पैसा येऊ लागला आणि नव्या गाण्यांची वेळ श्रोत्यांनी बाहेर जाऊन थंड काहीतरी घेऊन येण्यासाठी राखून ठेवली.

हा मागचा हिशोब ध्यानात घेतल्याशिवाय १९७७च्या एप्रिलमध्ये आलेल्या 'द बीच बॉइज लव्ह यू' या अल्बमबद्दल बोलणं अर्धवट होईल. हा अल्बम लोकांनी नाकारला असं म्हणायची पद्धत आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. तो लोकांपर्यंत पोचण्याआधीच त्याची जागा दुसऱ्याला दिली गेली होती. आणि पुढे त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या चाहत्यांनीही, मोठ्या प्रेमाने, त्याचं नुकसानच केलं.

१९७६मध्ये वॉर्नर कंपनीला ब्रायन परत हवा होता. 'ब्रायन इज बॅक' अशी जाहिरात झाली. तो परत आला कुठून? तर आपल्याच घरातून, आपल्याच पलंगावरून. काही वर्षं तो बहुतांश अंथरुणात, अमली पदार्थांत आणि सिगारेटींत बुडालेला होता, वजन वाढलं होतं, आवाज घोगरा झाला होता. १९७५च्या अखेरीस त्याच्यावर चोवीस तास पहारा ठेवणारा युजीन लँडी नावाचा मानसशास्त्रज्ञ नेमला गेला. लँडीने त्याला उठवलं, धावायला लावलं, स्टुडिओत नेऊन बसवलं. त्या वर्षीच्या 'फिफ्टीन बिग वन्स' या अल्बममध्ये निम्म्याहून जास्त दुसऱ्यांची जुनी गाणी होती. तो आठव्या क्रमांकापर्यंत गेला, आणि त्यातलं चक बेरीचं जुनं गाणं पहिल्या पाचात. म्हणजे जुन्याच मालाला पुन्हा भाव.

त्याच सुमारास, ऑगस्ट १९७६मध्ये, एनबीसी वाहिनीवर गटाचा एक खास कार्यक्रम झाला. त्यात जॉन बेलुशी आणि डॅन अॅक्रॉइड हे दोन विनोदी नट पोलिसांच्या गणवेशात ब्रायनच्या शयनगृहात शिरतात, लाटांवर न जाण्याच्या गुन्ह्याबद्दल त्याला अंथरुणातून बाहेर काढतात आणि बाथरोबमध्येच समुद्रावर नेऊन पाण्यात ढकलतात. मी ही चित्रफीत पाहिली आहे. हसू येतं, हे मान्य करायला हवं. बेलुशी आणि अॅक्रॉइड होतेच तसे. मग ब्रायनच्या चेहऱ्याकडे लक्ष जातं. पाण्यात उतरणारा तो जाडजूड दाढीवाला माणूस खरोखर घाबरलेला आहे. आजारी माणसाला पडद्यावर घाबरवून त्याच्या पुनरागमनाची जाहिरात केली गेली आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

'लव्ह यू'ची बहुतेक गाणी यानंतरच्या काही महिन्यांत, सँटा मोनिकातल्या गटाच्या स्वतःच्या ब्रदर स्टुडिओत तयार झाली. दहा वर्षांपूर्वी याच ब्रायनने लॉस एंजेलिसमधले निवडक वादक एका खोलीत कोंबून, वीस-वीस जणांना एकाच वेळी वाजवायला लावून 'पेट साउंड्स' उभा केला होता. आता तो जवळपास एकटा होता. पियानो, ऑर्गन, ड्रम, आणि सगळ्यांत जास्त सिंथेसायझर. बेस गिटार बहुतेक गाण्यांत नाहीच. तिची जागा मूग या बनावटीच्या सिंथेसायझरच्या जाड, गुरगुरत्या खर्जाने घेतली आहे. अल्बमचं आधी ठरलेलं नाव 'ब्रायन लव्हज यू' होतं, यावरून तो कुणाचा होता हे कळतं. चौदा गाणी, एकूण पस्तीसेक मिनिटं. एक गाणं तर मिनिटभरात संपतं.

जानेवारी १९७७मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचा 'लो' आला होता, मार्चमध्ये जर्मनीच्या क्राफ्टवर्क या गटाचा 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'. दोन्हींचं आज पाठ्यपुस्तकात नाव आहे, पॉप संगीत यंत्राकडे कसं वळलं ते शिकवताना. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातला एक चौतीस वर्षांचा माणूस त्याच दिशेने, पण कुठलीही तात्त्विक भूमिका न घेता, अख्खा अल्बम सिंथेसायझरच्या खर्जावर उभा करून समोर आला. त्याला युरोपात काय चाललंय याची फिकीर नव्हती. त्याला मूगचा आवाज आवडला होता, एवढंच. पण पाठ्यपुस्तकात हे येत नाही, कारण बीच बॉइज म्हणजे उन्हाळा, हे 'एंडलेस समर'ने ठरवून टाकलं होतं.

आता अल्बम ऐकू. पहिल्या बाजूचं चौथं गाणं 'जॉनी कार्सन'. कार्सन हा अमेरिकेत रात्री उशिरा चालणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार, १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेला. गाण्यात त्याचं साधं, जवळजवळ शाळकरी कौतुक आहे. अनेक समीक्षक इथेच हसले. टीव्हीवरच्या निवेदकावर कोण गाणं लिहितं? मला मात्र ते गाणं त्या वर्षातलं सगळ्यांत प्रामाणिक गाणं वाटतं. वाहिनी या माणसाची कंबर मोडते, तरी तो रोज रात्री उभा राहतो, हे पाहून रडू यावं, असा त्यातला आशय आहे. टीव्हीच्या विनोदवीरांनी ज्याला पलंगावरून उठवून पाण्यात ढकललं, त्याच माणसाने काही महिन्यांत हे लिहिलं आहे. रोज हजर राहावं लागणं, रोज हसवावं लागणं, थांबता न येणं. सहानुभूती कार्सनबद्दल आहे, पण अनुभव स्वतःचा आहे. खालून मूगचा तो जड ठेका चालत राहतो, पायात बेड्या घातलेल्या माणसासारखा, आणि शेवटी कोरस 'आम्हाला कोण आवडतो' या अर्थाची ओळ इतक्या वेळा घोकतो की कौतुक आणि थकवा यांतला फरक उरत नाही.

लगेच पुढचं गाणं 'गुड टाइम'. याचं ध्वनिमुद्रण १९७०चं, कपाटातून काढून इथे लावलेलं. ब्रायनचा आवाज कोवळा, स्वच्छ, वरच्या पट्टीत सहज फिरणारा. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गाण्यांत सात वर्षांची सिगारेट आणि कोकेन बोलतं. स्वर जिथे लावायचा तिथे लागत नाही, शेवट तुटतो, श्वास ऐकू येतो. एका माणसाचा आवाज सात वर्षांत काय होतो, हे एवढ्या उघडपणे, शेजारी शेजारी मांडून दाखवणारी दुसरी पॉपची तबकडी मला माहीत नाही. हे मुद्दाम केलं असेल असा माझा दावा नाही. बहुधा अल्बमची लांबी भरायला जुनं गाणं घेतलं असावं. परिणाम मात्र होतो तो होतोच.

दुसऱ्या बाजूला 'द नाइट वॉज सो यंग' आहे. गायला कार्ल. खिडकीत चंद्र, झोप नाही, मनात कुणीतरी. विषय काही नवा नाही. पण इथे कार्लचा मऊ आवाज पुढे असतो, त्याच्यामागे भावांचे आणि आतेभावाचे आवाज एकावर एक चढत जातात, आणि सगळ्यांच्या तळाशी सिंथेसायझरचा खर्ज चाल जिथे जाईल असं वाटतं तिथे न जाता अर्धा पाऊल बाजूला सरकतो. हे काम बिघडलेल्या मेंदूचं नाही. कसब आहे हे, आणि तेच जुनं कसब आहे. यापुढचं 'आय'ल बेट ही'ज नाइस' तर तिन्ही भावांनी वाटून घेतलेलं. डेनिसचा ओरबाडलेला आवाज, ब्रायनचा घोगरा, आणि मधल्या भागात कार्ल ताज्या पाण्यासारखा. सोडून गेलेल्या प्रेयसीच्या नव्या मित्राबद्दल 'तो चांगलाच असेल म्हणा' अशी जळजळती समजूत घालणारं गाणं आहे. डेनिस १९८३मध्ये बुडून गेला, कार्ल १९९८मध्ये कर्करोगाने, ब्रायन ११ जून २०२५ला. तिघांचे आवाज एवढ्या जवळून, एवढे उघडे असे फार कमी ठिकाणी सापडतात.

मग प्रश्न येतो तो यावर प्रेम करणाऱ्यांचा. गेल्या काही दशकांत 'लव्ह यू'चा एक छोटा पंथ तयार झाला. अमेरिकन गायिका-कवयित्री पॅटी स्मिथने त्या काळीच त्याच्याबद्दल भरभरून लिहिलं होतं. आर.ई.एम. या अमेरिकन रॉक गटाचा गिटारवादक पीटर बक त्याचा चाहता. पुढे पंक आणि घरगुती ध्वनिमुद्रणाच्या पिढीने त्याला आपला पूर्वज मानलं. ब्रायन स्वतःही मुलाखतींत हा आपला आवडता अल्बम असल्याचं अनेकदा सांगत असे. हे सगळं चांगलं. पण या कौतुकात एक सूर वारंवार ऐकू येतो, आणि तो मला खटकतो: आजारी माणसाने लहान मुलाच्या निरागसतेने केलेलं काम, म्हणून ते सुंदर. मंगळावर जीवसृष्टी असती तर माझी बायको तिथेच सापडली असती, असं 'सोलर सिस्टिम'मध्ये म्हटलं की हे लोक खूश होतात. बघा, किती भाबडा! म्हणजे १९७६मध्ये ज्या बाथरोबवर टीव्हीचे प्रेक्षक हसले, त्याच बाथरोबचं आता यांना कौतुक वाटतं. दोघांनाही बाथरोबच दिसतो.

कलावंत आजारी असला तर त्याच्या कामाकडे कसं पाहायचं, हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. आणि इथे माझी भूमिका स्पष्ट आहे. आजार माहीत असणं गरजेचं आहे, पण आजाराला कामाचा लेखक बनवणं हा अपमान आहे. 'द नाइट वॉज सो यंग'मधले स्वर ब्रायनने रचले, त्याच्या आजाराने नाही. मंगळाची ओळ भाबडी वाटत असेल, तर तीच ओळ साठच्या दशकातल्या त्याच्या कुठल्याही मोटारगाण्याइतकी भाबडी आहे. फरक एवढाच की तेव्हा गाणारा सडपातळ होता. त्या काळी त्या शैलीला ताजेपणा म्हणत, आता त्याच शैलीला लक्षण म्हणतात.

आणि ज्यांना खरोखर नैतिक प्रश्न विचारायचा आहे त्यांनी तो लँडीबद्दल विचारावा. माणसाला उठवून स्टुडिओत बसवणं हा उपचार होता की वसुली? लँडीला १९७६च्या डिसेंबरमध्ये काढून टाकलं गेलं, म्हणजे अल्बम पुरा व्हायच्या आतच. पण १९८०च्या दशकात तो परत आला, ब्रायनचं अवघं आयुष्य त्याने ताब्यात घेतलं, आणि शेवटी परवाना गमावून, १९९२मध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्याला ब्रायनपासून दूर करावं लागलं. 'लव्ह यू'च्या काळात गटाला, कंपनीला आणि डॉक्टरला, तिघांनाही ब्रायन काम करताना हवा होता. त्याला काय हवं होतं हे कुणी विचारल्याचं दिसत नाही. तरी या सगळ्या गदारोळात त्याने केलं ते काम त्याचंच. जबरदस्तीने उभं केलेल्या माणसालाही स्वतःची चाल सुचू शकते. हे म्हटल्याने जबरदस्तीचं समर्थन होत नाही.

अल्बम निर्दोष आहे असंही मी म्हणणार नाही. 'रोलर स्केटिंग चाइल्ड' आज ऐकवत नाही. शाळकरी वाटणाऱ्या मुलीबद्दल चौतीस वर्षांच्या माणसाने लिहिलेल्या त्या ओळी, आई घरात नसताना काय काय करू याचे बेत, हे काही काळाच्या ओघात बदललेल्या नजरेने आलेलं अवघडलेपण नाही. तेव्हाही कुणाच्या तरी कानाला खटकायला हवं होतं. 'आय वॉना पिक यू अप' त्याहून विचित्र, बाई आणि बाळ यांच्यात जाणूनबुजून घोळ घालणारं. डेनिसच्या आवाजाने ते सहन होतं एवढंच. शेवटचं 'लव्ह इज अ वुमन' तर साफ फसलेलं आहे, सॅक्सोफोनच्या साथीने उगाच लांबवलेलं. आणि ब्रायनने पत्नी मॅरिलिनबरोबर गायलेलं द्वंद्वगीत ऐकताना आपण कुणाच्या तरी घरातलं भांडण भिंतीपलीकडून ऐकतोय असं वाटतं, आणि कान काढून घ्यावासा वाटतो. 'दुर्लक्षित महान कलाकृती' हा शिक्का मारला की या सगळ्यावर पांघरूण पडतं. मग नवा श्रोता मोठ्या अपेक्षेने येतो, त्याला रोलर स्केट ऐकू येतात आणि तो निघून जातो. पंथाने केलेलं नुकसान ते हेच. चांगली सहा-सात गाणी, दोन-तीन न ऐकवणारी, बाकी मधली: एवढा हिशोब सांगितला असता तर लोक टिकले असते.

आता कंपनीचं. अल्बम अमेरिकेत ५३व्या क्रमांकावर थांबला, ब्रिटनमध्ये २८व्या. सुट्टं गाणं (सिंगल) म्हणून काढलेलं 'हाँकिन डाउन द हायवे' कुठल्याच यादीत आलं नाही. एप्रिलमध्ये अल्बम बाजारात आला त्याच्या आधीच गटाने सीबीएस या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी नवा, मोठ्या रकमेचा करार केल्याचं बाहेर आलं होतं. चालत्या पाहुण्यासाठी वॉर्नर जाहिरातीवर कशाला खर्च करील? शिवाय त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉर्नरने फ्लीटवूड मॅक या गटाचा 'रुमर्स' काढला होता आणि तो तुफान चालला होता. बीच बॉइजचा तो अल्बम त्यांच्या दृष्टीने करारातली एक बाकी होती. तो आला, हजेरी लागली, विषय संपला.

यानंतर ब्रायनने 'अॅडल्ट/चाइल्ड' नावाचा आणखी एक अल्बम तयार केला, मोठ्या वाद्यवृंदाच्या साथीने. कंपनीने तो नाकारला. पुढचा अल्बम १९७८मध्ये आला तो अमेरिकेच्या आयोवा राज्यात फेअरफील्ड इथल्या महर्षी इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीत ध्वनिमुद्रित झाला. त्याच विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'एम.आय.यू. अल्बम' असं नाव पडलं. आपल्याशी या गटाचा संबंध येतो तो इथे. माइक लव्ह १९६८मध्ये बीटल्सच्या मुक्कामात ऋषिकेशला जाऊन आला होता, आणि त्याच वर्षी महर्षी महेश योगींना बरोबर घेऊन गटाने अमेरिकेत दौराही काढला. तो इतका आपटला की बऱ्याच मैफली रद्द कराव्या लागल्या. लोकांना ध्यानाचं प्रवचन नको होतं, त्यांना मोटारींची गाणी हवी होती. फर्माईशीची ती ताकद तिथेच दिसायला हवी होती. ध्यान आणि मोटारी या दोन टोकांच्या मधे हा गट पुढची वीस वर्षं हिंदकळत राहिला, आणि १९८८मध्ये 'कोकोमो' या गाण्याने पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात ब्रायन नव्हता, आणि गाणं होतं समुद्रकिनाऱ्याचं.

आपल्याकडे या गोष्टीची दुसरी बाजू पाहायला मिळाली. राहुल देव बर्मनना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कामं मिळेनाशी झाली होती. मुंबईत ज्यांनी त्यांना गाणी द्यायचं थांबवलं, त्यांनीच १९९४मध्ये, ते गेल्यावर आलेल्या '१९४२: अ लव्ह स्टोरी'ची गाणी ऐकून डोळे पुसले. ही कथा आपण भावुक होऊन सांगतो कारण ती गोड होती: शेवटचं काम लोकांना आवडलं. ते आवडलं नसतं तर? ते थोडं विचित्र, थोडं बेसूर, थोडं अवघडलेलं असतं तर? तर ते आज रसिकांच्या गप्पांतसुद्धा आलं नसतं. उतारवयातलं काम एक तर अखेरचा चमत्कार तरी असावं, नाही तर अस्तित्वातच नसावं, ही आपली सवय आहे. दादर-पुण्यातल्या 'सुवर्णकाळातली गाणी' छापाच्या कार्यक्रमांत तीच वीस-पंचवीस गाणी वर्षानुवर्षं वाजतात, आणि कुठल्या तरी थोर संगीतकाराचं शेवटच्या काळातलं अवघड गाणं कुणी लावलं तर मागच्या रांगांतून खोकल्याचे आवाज येतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मीसुद्धा त्या रांगांत बसलेलो आहे. पण या सवयीचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

कारण आता तो हिशोब यंत्र मांडतं. बीच बॉइजच्या नावावर जाऊन स्ट्रीमिंग अॅप उघडलं तर वरची गाणी तीच, साठच्या दशकातली, आणि खाली 'अधिक लोकप्रिय' म्हणूनही तीच. ज्याला जास्त ऐकलं गेलं ते वर येतं, वर आलं म्हणून जास्त ऐकलं जातं. 'एंडलेस समर' काढायला १९७४मध्ये कंपनीत निदान कुणीतरी माणूस बसला होता. त्याला नावं ठेवता येत होती. २०२१मध्ये गटाने आपल्या नावाचे आणि वारशाचे बहुसंख्य हक्क आयकॉनिक आर्टिस्ट्स ग्रुप या कंपनीला विकले. अशा कंपन्यांचा धंदा 'वारसा जपणं' हा आहे, पण वारसा म्हणजे काय हे शेवटी विक्रीच ठरवते. उद्या ब्रायनवर काही काढलं जाईल तेव्हा त्यात पुन्हा 'पेट साउंड्स'च्या पेटीची नवीन आवृत्ती असेल. त्यात वाईट काही नाही. पण पैशाचा काही भाग त्या कामावर लागायला हवा जे आपण होऊन कधीच खपणार नाही: नीट ध्वनिमुद्रण, सविस्तर टिपणं, कुणी काय वाजवलं याची नोंद, आणि नाकारलेले अल्बम जसेच्या तसे. वारसा विकत घेणाऱ्यांकडून ही अट करारात लिहून घ्यायला काहीच हरकत नसावी. कलावंताच्या कुटुंबाला ती सुचत नाही, कारण त्या वेळी समोर चेक असतो.

श्रोता म्हणून आपल्याला चेकची अडचण नाही. 'लव्ह यू' पहिल्यापासून ऐकू नये, असं माझं मत आहे. दुसरी बाजू लावावी, तिचं दुसरं आणि तिसरं गाणं ऐकावं, मग पहिल्या बाजूवर 'जॉनी कार्सन'कडे यावं. ब्रायनच्या आजाराबद्दल आधी काही वाचू नये. ती माहिती नंतर मिळेलच, नको तेवढी मिळेल. 'रोलर स्केटिंग चाइल्ड' गाळलं तरी चालेल.